उजनी भरली, मग रोहित पक्षी कुठे गेले?

गेल्या अंकात सोलापूर जिल्ह्यातील पाणथळ जागा आणि तेथील पक्षी या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी अनेकांत एकच शंका निरनिराळ्या शब्दांत विचारलेली आहे. म्हणून तिला आरंभीच आणि सविस्तर उत्तर देत आहे.

प्रश्न : पाऊस चांगला झाला, उजनी शंभर टक्के भरली, म्हणून डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन आम्ही मुद्दाम पाणफुगवट्यावर, म्हणजे धरणामागे साचलेल्या पाण्यावर, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला गेलो. दोन तास होडीतून फिरूनही एकही रोहित दिसला नाही. काही वर्षांपूर्वी पाऊस कमी झाला होता, तेव्हा मात्र याच ठिकाणी मोठे थवे पाहिले होते. पाणी भरपूर असताना पक्षी नसावेत, हे कसे? (एक पालक, सोलापूर)

उत्तर : आपला अनुभव अगदी बरोबर आहे. पाणी भरपूर होते, म्हणूनच रोहित नव्हते.

आपला जिल्हा रब्बीवर आणि साठवलेल्या पाण्यावर जगणारा आहे. धरण किती टक्के भरले, किती टीएमसी पाणी आले, पुढच्या जूनपर्यंत ते पुरेल की नाही, या हिशेबातच आपण पाण्याकडे पाहतो आणि ते स्वाभाविकही आहे. पाणपक्ष्याचा हिशेब मात्र वेगळा असतो. धरणाच्या पोटात पाणी किती आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. काठाशी पाणी किती उथळ आहे आणि त्याखालच्या गाळात खायला काय आहे, एवढेच तो पाहतो.

रोहित पक्षी चार ते पाच फूट उंच असतो आणि त्या उंचीचा बहुतेक भाग पाय आणि मान यांनीच व्यापलेला असतो. खाताना तो मान खाली सोडून डोके उलटे करतो, त्यामुळे चोचीचा वरचा भाग खाली येतो. त्याची जाड जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होऊन पाणी आत ओढते आणि बाहेर टाकते. चोचीच्या कडांना कंगव्याच्या दात्यांसारख्या बारीक पट्ट्या असतात. त्यांत कीटकांच्या अळ्या, बारीक कवचधारी जीव, लहान शिंपले आणि शेवाळाचे कण अडकतात. पायांनी गाळ तुडवत, ढवळत तो एका जागी गोल फिरताना दिसतो, तेव्हा तो तळाशी बसलेले अन्न वर काढत असतो. या सगळ्या खटाटोपासाठी त्याची चोच गाळापर्यंत पोहोचली पाहिजे. घोट्यापासून पोटापर्यंत पाणी असेल तिथेच त्याचे पोट भरते. वीस फूट खोल पाणी त्याच्या दृष्टीने उजाड माळच होय.

आता उजनीचे चक्र पाहू. भीमेवरील या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आहे आणि त्यातील सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे कालव्यांच्या दारांखाली राहणारे पाणी आहे. पावसाळ्याच्या अखेरीस धरण भरते तेव्हा पाणी थेट बाभळीच्या बनांपर्यंत आणि उसाच्या बांधांपर्यंत चढलेले असते. त्या पातळीला उथळ पट्टा जवळजवळ उरतच नाही. पुढे कालव्यांची आवर्तने सुरू होतात, पंढरपूर आणि सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी नदीत पाणी सोडले जाते, उन्हाने बाष्पीभवन होते आणि पातळी हळूहळू खाली येऊ लागते. पाणफुगवट्याच्या वरच्या भागात, म्हणजे भिगवण, डिकसळ, कुंभारगाव आणि समोरच्या करमाळा तालुक्यातील काठांवर, जमिनीचा उतार इतका सपाट आहे की पाणी एक फूट उतरले तरी मैदानासारखा विस्तीर्ण गाळ उघडा पडतो. कित्येक महिने पाण्याखाली राहिलेल्या या गाळात सेंद्रिय द्रव्य कुजलेले असते, डासांसारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या लालसर अळ्या त्यात खच्चून भरलेल्या असतात, गोगलगायी असतात. पक्ष्यांचे ताट वाढले जाते ते हे.

म्हणूनच पाऊस कमी झालेल्या वर्षी पातळी लवकर उतरते आणि रोहितही लवकर येतात. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी त्यांची वाट फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाहावी लागते. ते येत नाहीत असे नाही, ते पाणी उतरण्याची वाट पाहत दुसऱ्या उथळ जागी थांबलेले असतात. उजनीच्या काठावरचे जुने मच्छीमार दिनदर्शिकेपेक्षा पाण्याकडे पाहून पक्ष्यांचा अंदाज बांधतात आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

पाणी उतरते तसतशी पंगत बदलत जाते, हे दृश्य एका हंगामात तीन-चार वेळा जाऊन पाहण्यासारखे आहे. पाणी खोल असते तेव्हा बुडी मारून मासे धरणारे पाणकावळे आणि टिबुकल्या, पाणवनस्पती खाणारे वारकरी आणि वरून सूर मारणारे नदी सुरय असतात. जरा पाणी हटले की थापट्या आणि तलवार बदक येतात. बदकाला तळ गाठायचा तर शेपटी वर करून डोके पाण्यात घालावे लागते, म्हणून मानेच्या लांबीइतके पाणी त्याला पुरेसे होते. आणखी उथळ झाले की चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात धरून उभे राहतात, चमचे चोच डावी-उजवीकडे फिरवीत चालतात, मुग्धबलाक गोगलगायी आणि शिंपले शोधतात. वीतभर पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे, बोटभर पाण्यात तुतवार आणि इतर चिखलपायी पक्षी, तर ओल्या गाळावर परीट आणि टिटव्या. प्रत्येकाच्या पायाची आणि चोचीची लांबी जणू त्या त्या खोलीच्या मापाने बेतलेली असते. पाणथळ म्हणजे तळ्याचा मधला भाग असे आपण समजतो, पण पक्ष्यांच्या दृष्टीने खरी पाणथळ जागा म्हणजे हा सरकता काठ आहे. या उत्तरात माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काही असेल तर ते हेच.

तेव्हा पुढच्या खेपेस तारीख ठरवण्यापूर्वी वर्तमानपत्रात येणारी धरणाची टक्केवारी पाहावी आणि ती बरीच उतरल्यावर, साधारणपणे फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, पहाटे निघावे. सोलापूरकरांना भिगवणच गाठले पाहिजे असेही नाही. करमाळा तालुक्यातील केत्तूर, जिंती, कुगाव, वांगी या बाजूचा काठ आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तेथे गर्दीही कमी असते. एक विनंती मात्र कळकळीने करतो. थवा उडतानाचे छायाचित्र मिळावे म्हणून होडी थव्यात घालायला नावाड्याला भाग पाडू नये. एकदा उडालेला थवा पुन्हा उतरून स्थिरावेपर्यंत त्याचा चरण्याचा वेळ वाया जातो आणि सकाळभरात दहा होड्यांनी असे केले तर त्या पक्ष्यांनी खावे केव्हा?

प्रश्न : आमची जमीन धरणात गेली. पाणी हटल्यावर आम्ही गाळपेर जमिनीत हरभरा, मका, कडवळ घेतो. पहाटे हंसांचे थवे येऊन हरभऱ्याचे शेंडे खातात. आता काही लोक म्हणतात की पक्ष्यांसाठी ही शेती बंद करावी. आम्ही काय करावे? (एक शेतकरी, करमाळा तालुका)

उत्तर : ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांनाच पक्ष्यांसाठी पुन्हा एकदा मागे सरा असे सांगणे मला न्यायाचे वाटत नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्या पत्रातील वर्णनावरून हे हंस म्हणजे पट्टकदंब असावेत : राखी अंग, पांढरे डोके आणि डोक्याच्या मागच्या बाजूस दोन आडवे काळे पट्टे. ते मुळात गवत चरणारे पक्षी आहेत, त्यामुळे कोवळा हरभरा त्यांना आवडतो हे खरे. ते रात्री आणि पहाटे चरतात आणि दिवसा पाण्यात किंवा उघड्या गाळावर विसावतात. शेतात माणसाची वर्दळ असेल, पहाटे कोणी राखण करीत असेल, तर ते दुसरीकडे वळतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये त्यांना मारणे किंवा पकडणे हा गुन्हा आहे आणि विषारी दाणे टाकणे तर पक्ष्यांइतकेच गुराढोरांच्या आणि माणसांच्या जिवावर बेतणारे आहे, हे आपणास सांगायला नकोच. नुकसान मोठे असेल तर त्याची लेखी नोंद वनविभागाकडे करून पंचनाम्याची मागणी करावी.

मी दोनच गोष्टी सुचवीन. पहिली, पाण्याच्या अगदी कडेला लागून असलेल्या वाफ्यांत कीटकनाशके आणि तणनाशके फवारू नयेत. गाळपेर जमीन पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाण्याखाली जाणार असते, म्हणजे फवारलेले सगळे त्याच पाण्यात उतरते, जे आपण पितो आणि ज्यातील चिलापी आपल्या ताटात येते. दुसरी गोष्ट उन्हाळ्याची आहे. मार्च ते मे या काळात उघड्या पडलेल्या बेटांवर आणि उंचवट्यांवर नदी सुरय, आर्ली आणि टिटव्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. घरटे म्हणण्यासारखे तिथे काही नसते, जमिनीत नुसता उथळ खळगा असतो, अंड्यांचा रंगही मातीसारखाच असतो आणि नांगराच्या फाळाखाली ती केव्हा गेली हे कळतही नाही. आपण नांगरत असताना पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागले, तर जवळच अंडी आहेत असे समजावे. तेवढा पाच-सात पावलांचा तुकडा खुणेची काठी रोवून तीन-चार आठवडे सोडून द्यावा. तेवढ्या दिवसांत पिल्ले अंड्यांतून बाहेर येऊन चालू लागतात. माझ्या माहितीतील काही शेतकरी हे कोणी न सांगता करीत आले आहेत.

प्रश्न : उजनी हे पक्षी अभयारण्य आहे का? नसल्यास का नाही? नांदूर मध्यमेश्वरला जो दर्जा मिळाला तो उजनीला मिळू शकतो का? (एक शिक्षिका, बार्शी)

उत्तर : उजनीची गणना देशातील महत्त्वाच्या पक्षी क्षेत्रांत केली जाते, परंतु ही गणना पक्षी अभ्यासकांच्या संस्थांनी केलेली आहे, तिला कायद्याचे संरक्षण नाही. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे १९८६ पासून अभयारण्य आहे आणि पुढे ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. रामसर हे इराणमधील गाव. तेथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून ती तारीख जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळली जाते. आपल्या शाळेत तो साजरा करता येईल, कारण नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे पक्षी असतात.

नांदूर मध्यमेश्वर हेदेखील गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे तयार झालेले, म्हणजे मानवनिर्मितच आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रामसर कराराच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद नाही. आपल्याकडील २०१७ च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांत मात्र तो आहे. नदीचे पात्र, भातशेती आणि सिंचन, पिण्याचे पाणी, मत्स्यपालन किंवा करमणूक यांसाठी खास बांधलेले जलाशय या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. सोलापूर जिल्ह्यातील जवळजवळ सगळे मोठे पाणी या वगळलेल्या यादीत बसते. उजनी सिंचनासाठी बांधली. हिप्परग्याचा एकरुख तलाव ब्रिटिश अमदानीत अदिला नदीवर बांधला गेला, तोही पाटाच्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी. अक्कलकोट तालुक्यातील बोरी नदीवरचे कुरनूर धरणही तसेच. ज्या जिल्ह्यात नैसर्गिक सरोवर म्हणावे असे काही नाही, तिथे पक्ष्यांनी माणसाच्या तलावांतच घर केले आणि नेमके तेच तलाव नियमाबाहेर राहिले, ही गोष्ट मला फार खटकते.

तरीही अभयारण्याची पाटी लावली म्हणजे प्रश्न सुटतो, असे मानू नये. आपल्याच जिल्ह्यातील नान्नजचे उदाहरण समोर आहे. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर इतके अवाढव्य होते. त्यात गावे, शेते आणि शहरेही आली, लोकांच्या मनात वर्षानुवर्षे कटुता साचत गेली आणि पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. दरम्यानच्या काळात माळ कमी होत गेले आणि आज माळढोक दिसणे अत्यंत दुर्मीळ झाले आहे. उजनीच्या बाबतीत सगळ्या जलाशयाला कुंपण घालण्यापेक्षा पाणफुगवट्यातील निवडक उथळ पट्टे आणि विणीची बेटे यांना, मच्छीमार आणि गाळपेर शेतकरी यांना बरोबर घेऊन, ठरावीक महिन्यांपुरते संरक्षण देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आणि संरक्षणाचा विचार करताना पाण्याच्या प्रतीचा विचार टाळता येत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महानगरांचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून अखेर उजनीतच येते. त्यातील नत्र आणि स्फुरद यांमुळे शेवाळ माजते, पाणी हिरवे होते, जलपर्णी पसरते. काहींचे म्हणणे असते की शेवाळ आणि अळ्या वाढल्या तर रोहितांना खाद्यच मिळते, मग बिघडले कुठे? थोड्या प्रमाणात हे खरेही आहे. पण त्याच पाण्यातील प्राणवायू घटला की मासे मरतात, स्थानिक जातींचे मासे नाहीसे होऊन चिलापीसारख्या काटक परक्या जातीचे राज्य होते आणि जलपर्णीने झाकलेला काठ रोहिताच्या काही कामाचा राहत नाही.

प्रश्न : रोहित पक्ष्याचा गुडघा मागच्या बाजूला का वाकतो? आणि तो गुलाबी का असतो? (इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी, पंढरपूर)

उत्तर : तुला जो गुडघा वाटतो तो त्याचा घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ पिसांत झाकलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. गुलाबी रंग खाण्यातून येतो. गाजराला ज्या प्रकारच्या द्रव्यांमुळे रंग येतो, तशीच द्रव्ये शेवाळात आणि ते खाणाऱ्या बारीक जिवांत असतात. ती रोहिताच्या पिसांत उतरतात. पिल्लू जन्मतः राखाडी असते आणि पूर्ण गुलाबी व्हायला त्याला काही वर्षे लागतात. थव्यात मळकट राखी रंगाचे पक्षी दिसले तर ती लहान भावंडे आहेत हे ओळखावे. त्यांतील बरीचशी कच्छच्या रणात जन्मलेली असतात.

पंढरपुरात राहतोस तर आणखी एक पक्षी नक्की पाहा. चंद्रभागेच्या संथ पाण्यात काळ्या रंगाचे, कोंबडीएवढे पक्षी थव्याने पोहताना दिसतील. त्यांची चोच आणि कपाळ पांढरेशुभ्र असते. त्यांचे मराठी नाव आहे वारकरी. कपाळीचे ते पांढरे आणि थव्याने चालण्याची त्यांची रीत पाहिली की दिंडीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

प्रश्न : मी रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाभोवती फिरायला जातो. अनेकजण पक्ष्यांना आणि माशांना पाव, शेव, चुरमुरे टाकतात. हे पुण्याचे काम समजावे का? (एक ज्येष्ठ नागरिक, सोलापूर)

उत्तर : भावना चांगली आहे, पण कृपया ते करू नये. मीठ आणि तेल असलेले पदार्थ पाणपक्ष्यांचे अन्न नव्हे आणि न खाल्लेला भाग तळाशी कुजून पाण्यातील प्राणवायू खातो. शहराच्या मध्यावरच्या, बंदिस्त तलावात त्याचा परिणाम लवकर होतो.

आपण तलावावर रोज जाता, म्हणून आपल्याला दोन गोष्टी सांगतो. तलावांच्या सुशोभीकरणात काठ दगडांनी बांधून काढण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. वर सांगितलेला सरकता, उथळ, चिखलाचा काठ त्यामुळे एका दिवसात नाहीसा होतो आणि त्या काठावर चरणारे वंचक, शेकाटे, पाणकोंबड्या यांना जागा उरत नाही. अशा कामाची चर्चा होईल तेव्हा एक बाजू तरी मातीची, गवताची आणि झुडपांची राहू द्यावी, असा आग्रह आपण नागरिक म्हणून धरू शकता. दुसरी गोष्ट गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांची. संक्रांतीच्या सुमारास पतंग उडतात आणि नायलॉनचा मांजा तलावाकाठच्या झाडांत अडकून राहतो. संध्याकाळी मुक्कामाला परतणारे बगळे आणि शराटी त्यात पंख अडकून लोंबकळत मरतात. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात फिरायला जाताना आपल्यासारख्या चार-पाच जणांनी लांब काठी आणि कात्री बरोबर नेऊन हाती येईल तेवढा मांजा काढला, तर पाव टाकण्यापेक्षा कितीतरी मोठे काम होईल.

प्रश्न : हिप्परगा तलावावर एका हंसाच्या गळ्यात रंगीत पट्टी आणि त्यावर अक्षरे दिसली. कोणी पाळलेला पक्षी असावा का? त्याला पकडून ती काढावी का? (एक तरुण वाचक, उत्तर सोलापूर तालुका)

उत्तर : मुळीच पकडू नये. तो पट्टकदंबच असेल तर ती पट्टी अभ्यासकांनी घातलेली आहे. मंगोलियात विणीच्या काळात अशा पट्ट्या घातलेले पट्टकदंब भारतात अनेकदा आढळले आहेत. हे हंस तिबेट, मंगोलिया आणि मध्य आशियातील उंच पठारांवरच्या सरोवरांकाठी वीण करतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. त्यांच्या पाठीवर यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात ते सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद झाली आहे. तेथील विरळ हवेत तग धरता यावा म्हणून त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन इतर बदकांच्या मानाने अधिक चटकन प्राणवायू धरून ठेवते. हिप्परग्याच्या काठी ज्वारीच्या धसकटांत निवांत बसलेला तो पक्षी एवढा प्रवास करून आलेला असतो.

पट्टीचा रंग, अक्षरे आणि आकडे, ते वरून खाली वाचले की खालून वर, तारीख, वेळ, जागा आणि थव्यात एकूण पक्षी किती होते, एवढे टिपून घ्यावे. दुरून घेतलेले अस्पष्ट छायाचित्रही चालेल. ही माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवावी. पक्ष्यांना कडी घालण्याचे काम ही संस्था अनेक दशके करीत आली आहे आणि पट्टी कोठे, केव्हा घातली गेली हे तिच्यामार्फत कळू शकते. उत्तर यायला वेळ लागला तरी निराश होऊ नये आणि दरम्यान तलावावर जाणे सोडू नये. एकदा आलेला पट्टकदंब पुढच्या हिवाळ्यात त्याच भागात परत येण्याची शक्यता बरीच असते, आणि तीच अक्षरे दुसऱ्या वर्षी पुन्हा वाचता आली तर आपली नोंद पहिलीपेक्षा कितीतरी मोलाची ठरेल.